पोर्चमधली हिरवी गळती

३ एप्रिल, गुरुवार

सकाळी पेपर घ्यायला पोर्चमध्ये गेलो आणि चप्पल फरशीला चिकटली. खाली पाहिलं तर हिरवं पाणी. पाणी कसलं, पातळ सरबतच. प्रीतीच्या मोटारसायकलच्या पोटातून थेंब थेंब गळून फाटकापर्यंत ओघळ गेला होता. वास गोडसर, खोकल्याच्या जुन्या औषधासारखा. फिनाइल टाकून फरशी घासली, साबणाने हात धुतले, तरी बोटांना वास राहिला. चहा घशाखाली उतरेना.

ही गाडी म्हणजे आमच्या घरातली सगळ्यात किळसवाणी वस्तू आहे. उंच, हडकुळी, टायरला दात आलेले. धड रस्त्यावर चालवायची नाहीच मुळी. मातीच्या ढिगांवर, चिखलात, दगडगोट्यांत घालायची. आमच्या वडिलांनी गावचा चिखल सोडून जरीपटक्याला खोली घेतली, मी पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होऊन फरशीचं घर बांधलं, आणि माझी मुलगी स्वतःचा पगार साठवून पुन्हा चिखलात जाते. आठवडाभर एका क्लासमध्ये बायकांना स्कूटी शिकवते, आणि रविवारी कामठीच्या पुढच्या मातीच्या ट्रॅकवर. परत येते तेव्हा तिचे दात तेवढे ओळखू येतात.

संध्याकाळी विचारलं, "हे काय गळून राहिलं वं?"

"कूलंट आहे बाबा. इंजिन थंड ठेवते. रेडिएटरचे पाइप कडक झाले, भेगा पडल्या. नवे मागवले मी."

"मंग तोवर गाडी बाहेर ठेव."

"बाहेर ठेवली तर चोरी होईन न."

"होऊ दे."

ती हसली. मला हसू आलं नाही. मी खरंच बोललो होतो.

५ एप्रिल, शनिवार

आज जेवताना प्रीतीने सांगितलं की पुण्याजवळ अशा गाड्या शिकवणारी एक शाळा आहे, तिथे शिकवायला माणसं हवीत. वीस तारखेच्या रविवारी आपल्याच कामठीच्या ट्रॅकवर निवड आहे. निवडली गेली तर ती पुण्याला जाणार. जेवताना चिखलाचा विषय काढू नये एवढंही या मुलीला कळत नाही.

मी वरणाची वाटी बाजूला सारली आणि मनात होतं ते सगळं बोललो. शिकलेल्या मुलीने बँकेची परीक्षा द्यावी, एसीत बसावं. हे काय, हेल्मेटातून घाम निथळतो आहे, गुडघ्याला पट्टे बांधले आहेत! तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "एक करू बाबा. वीस तारखेले निवड झाली तर मी जाईन, तुम्ही अडवायचं नाही. नाही झाली तर गाडी विकतो अन् बँकेच्या अभ्यासाले बसतो. मंग पुन्हा नाव काढणार नाही."

मी ताबडतोब हो म्हटलं. पोर्च मोकळा होणार या विचारानेच बरं वाटलं. प्रीतीची आई पदराने डोळे पुसत होती. कांदा चिरला असेल.

८ एप्रिल, मंगळवार

आज कूलर काढला. ऊन असं की दुपारी गल्लीत कुत्रंही दिसत नाही. कूलर कसा धुवायचा हे आमच्या गल्लीत सगळे मलाच विचारतात, आणि विचारूनही आळशीपणा करतात. नुसतं पाणी मारतात, जुनंच गवत ठेवतात, आणि मग पूर्ण उन्हाळा खोलीला मासळीबाजाराचा वास. टाकीला वर्षभराचा क्षार बसलेला असतो, पांढरा, कवचासारखा. तो ब्रशने जन्मात निघत नाही. त्याला संडास धुवायचं ॲसिड लागतं. पाण्यात कालवून ओतायचं, फेस येऊ द्यायचा, मग काथ्याने घासायचं. टाकी आरशासारखी होते.

ॲसिड कालवायला प्लास्टिकची बादली शोधली तर बादली गाडीखाली. प्रीतीने सकाळी क्लासला जाण्याआधी गाडीचं सगळं हिरवं पाणी तिच्यात काढून ठेवलं होतं. त्यावर तपकिरी कचरा तरंगत होता. जुने पाइप मेलेल्या धामणीसारखे बाजूला पडलेले, आणि रेडिएटर सोडवून वर्तमानपत्रावर ठेवलेला. नवे पाइप शुक्रवारी येणार आहेत म्हणे, तोवर हा दवाखाना असाच उघडा. शेवटी मी आंघोळीचं पाणी तापवायची ॲल्युमिनियमची डेगची घेतली आणि तीत ॲसिड कालवलं.

कूलर उत्तम निघाला. डेगचीत ॲसिड उरलं होतं. फेकायला निघालो तेवढ्यात रेडिएटरच्या तोंडाकडे लक्ष गेलं. काठावर पांढरा हिरवट थर. आत बोट घातलं तर बोटाला राखाडी, बुळबुळीत मळ आला. शिसारीच आली. या घाणीवर ती नवे पाइप लावणार आणि नवं औषध ओतणार! आणि शेवटी रेडिएटर म्हणजे तरी काय? पत्रा, पाणी आणि हवा. कूलरच तो, फक्त इंजिनासाठी.

खालचं तोंड रबरी बुचाने बंद केलं आणि उरलेलं ॲसिड वरून ओतलं. असा फेस आला की विचारू नका. कूलरला कधी असा आला नाही. वाफ निघाली, हाताला चटका बसण्याइतका गरम झाला. आत किती घाण होती त्याचा हा पुरावाच. मला फार बरं वाटलं. फेस बसेपर्यंत जेवून आलो, मग नळाचं पाणी जोरात सोडलं. आधी काळं पाणी आलं, मग स्वच्छ. तोंड नव्या ताटासारखं उजळलं. होता तसाच पेपरवर ठेवून दिला आणि डेगची विसळून जागेवर ठेवली.

प्रीतीला सांगितलं नाही. या गाडीला बोट लावणार नाही असं मी महिनोन् महिने घरात ओरडतो आहे. आता कोणत्या तोंडाने सांगू? वीस तारखेला तिची गाडी तापली नाही म्हणजे झालं.

११ एप्रिल, शुक्रवार

नवे पाइप आले. संध्याकाळी प्रीती पोर्चमध्ये बैठक मारून बसली. मी खिडकीत पेपर वाचत होतो. पाहत नव्हतो, खिडकीच तिथे आहे. तिने पाइपाच्या तोंडाला आतून थोडं पाणी लावलं, रेडिएटरच्या नळीवर पिळत चढवला, मग क्लिप सरकवून पान्याने आवळली. वरचा झाला, मग खालचा. नंतर कूलंटची नवी बाटली फोडली. ती बाटली जरीपटक्याच्या ओमप्रकाशच्या गॅरेजमधून आणली होती. गाडीचं सगळं काम प्रीती त्याच्याकडेच शिकली. ओतताना मध्येच थांबून पाइप मुठीत दाबायची, म्हणजे आतली हवा बुडबुड करत वर यायची. डुकराने तोंड घातल्यासारखा आवाज. मला पेपर मिटावा लागला.

गाडी सुरू केली. थोड्या वेळाने इंजिनावर थेंब पडला आणि चुर्र झालं. पुन्हा एक. प्रीतीने क्लिपा आणखी आवळल्या. पुन्हा थेंब.

"पाइपच खोटे असतील," मी खिडकीतून म्हणालो. "नाहीतर त्या ओमप्रकाशनं नकली औषध दिलं."

"अंकल तसे नाहीत," ती म्हणाली, पण आवाजात जोर नव्हता.

स्वयंपाकघरात वेगळंच. प्रीतीच्या आईने बऱ्याच दिवसांनी आंघोळीचं पाणी तापत ठेवलं तर गॅस विझला. ती डेगची घेऊन आली. "अजी, हे पाहा न. चाळणी झाली." बुडाला बारीक बारीक भोकं, उजेडात धरली की चमकत होती. भांडी बनवणाऱ्यांना आजकाल लाज उरलेली नाही. कागदासारखा पत्रा वापरतात. माझ्या आईची डेगची दोन पिढ्या टिकली होती.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. सकाळी वंदना झाली, घर भरलं. माझी मोठी बहीण प्रयागबाई भंडाऱ्याहून आली, नवं पांढरं लुगडं नेसून. खिरीची वाटी घेऊन हवेशीर जागा म्हणून पोर्चमध्ये बसली. उठली तेव्हा लुगड्याचा मागचा काठ हिरवा, ओला, चिकट.

"काय वं प्रीते, गाडी हाये का म्हैस? इथंच मुतते का रोज?" ती म्हणाली. सगळे हसले. प्रीतीही हसली, पण लगेच खाली वाकून गाडीच्या पोटाखाली पाहू लागली. मला पाहुण्यांसमोर मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतक्या मोठ्या दिवशी घरात स्वच्छ कपड्यांची माणसं यावीत आणि त्यांच्या बुडाला असली घाण लागावी! लुगड्याचा डाग तीनदा धुऊनही गेला नाही.

पाहुणे गेल्यावर प्रीती गाडीजवळच बसून होती. म्हणाली, "बाबा, रोज थोडं थोडं वाढून राहिलं. या हालतीत ट्रॅकवर नेली तर दोन फेऱ्यांत इंजिन जाम होईन."

"मी आधीच सांगितलं होतं, तो ओमप्रकाश चोर आहे," मी म्हणालो.

१५ एप्रिल, मंगळवार

प्रीतीबरोबर ओमप्रकाशकडे गेलो. तिच्या मनात नव्हतं, मीच ओढून नेलं. कोणीतरी स्पष्ट बोलायला हवं होतं. गॅरेज म्हणजे ग्रीसने काळी झालेली खोली. कुठे उभं राहावं तेच कळेना.

ओमप्रकाशने चष्मा कपाळावर चढवून बाटली पाहिली. "माल असली आहे बेटी. पाइपमधून नाही, रेडिएटरमधून गळून राहिलं असेल. खोलके देख."

"रेडिएटरले काय झालं? तो तर चकाचक आहे," मी म्हणालो. "तुमचं औषधच भेसळीचं. पोरीचा भरवसा पाहून गळ्यात मारलं." आणखीही बोललो. बाजूची दोन गिऱ्हाइकं ऐकत होती, तेही बरंच झालं.

प्रीती माझ्याकडे पाहून, मग त्याच्याकडे पाहून हळू म्हणाली, "अंकल, मी तुमच्यावर भरोसा ठेवला होता."

ओमप्रकाशने चष्मा खाली घेतला. बाटली उचलून फळीवर ठेवली. "आजसे दूसरा मिस्त्री देख ले बेटी," एवढंच म्हणाला आणि आत गेला.

घरी येईपर्यंत प्रीतीने हेल्मेटची काच खाली ठेवली. दारात आल्यावरही हेल्मेट काढलं नाही. ऊन फार होतं.

१६ एप्रिल, बुधवार

आज प्रीतीने क्लासला सुट्टी घेतली आणि रेडिएटर पुन्हा सोडवला. धुतला, वाळवला, उन्हात धरून कितीतरी वेळ पाहत होती. मग आत आली आणि मागच्या मोरीकडे गेली, जिथे कूलरचं सामान असतं. तिथून स्वयंपाकघरात. परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"बाबा, कूलर कधी धुतला तुम्ही?"

"मागच्या मंगळवारी. का?"

"ॲसिडनं?"

"नाहीतर कशानं? तुले किती वेळा सांगितलं, क्षार दुसऱ्या कशानं निघत नाही."

"बरं," ती म्हणाली.

नंतर दिवसभर गाडीचं नाव नाही, वीस तारखेचं नाव नाही. संध्याकाळी बँकेच्या परीक्षेचं जाड पुस्तक काढून बसली. किती दिवसांनी घरात शांतता होती. मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

१७ एप्रिल, गुरुवार

हे लिहायला हात धजत नाही, पण लिहितो.

सकाळी प्रीतीची आई गच्चीवर कुरडया घालत होती. मी चादर ताणून धरायला गेलो. चिकाचा आंबट वास सुटला होता. ती सोऱ्या दाबता दाबता म्हणाली, "एक सांगू का जी? तुम्ही केलं ते बरंच केलं."

"काय केलं मी?"

"आता मले काहून खेळवून राहिले? रेडिएटरमंधी ॲसिड टाकलं न तुम्ही."

मी विचारलं, तुला कोणी सांगितलं. ती म्हणाली, "डेगचीले भोकं पडले तवाच मले शंका आली होती. काल पोट्टीनं डेगची अन् तो रेडिएटर बाजूबाजूले ठेवून पाहिला. म्हणे, दोन्ही ॲल्युमिनियम, ॲसिड दोन्हीले खाते. मंग बाथरूममंधी जाऊन रडली. मले म्हणे, आई, बाबाले काही म्हणजो नको. मीही म्हणणार नव्हती. पण खरं सांगू, मले धीर आला. पोट्टी पुण्याले गेली असती, तिकडं हाडं मोडून घेतली असती, कोण पाहणार होतं? तुम्ही बोलून दाखवत नाही, पण बापाचं काळीज आहे शेवटी."

मला आधी काही समजलंच नाही. मग समजलं, आणि चादर सोडून कठड्याकडे गेलो. माझी बायको माझे आभार मानत होती. पोरीचा पाय ओढला म्हणून. इतकी वर्षं ती माझ्याबरोबर राहते आणि तिला वाटलं की मी हे करू शकतो. नुसतं वाटलं नाही, तिला ते आवडलं.

"मी साफ करायले टाकलं होतं!" मी ओरडलो. "आत मळ होता!"

"हो जी," ती प्रेमाने म्हणाली. "आपण तसंच सांगू."

तसंच सांगू! मला तिची शिसारी आली, मग माझी आली. खाली येऊन बसलो. फेस आला तेव्हा मला फार बरं वाटलं होतं, असं मीच लिहिलं आहे. ते बरं वाटणं कशाचं होतं? मळ निघत होता त्याचं. मळ निघत होता त्याचंच. दोनदा लिहिलं तरी पक्कं होत नाही. गाडी विकली जावी असं मला वाटत होतंच की. रोज तोंडाने म्हणत होतो. माझं म्हणणं ऐकलेल्या कोणत्या माणसाने वेगळा निष्कर्ष काढला असता?

संध्याकाळी प्रीती पुस्तक उघडून बसली होती. पान बराच वेळ उलटलं नव्हतं. मी समोर बसलो.

"प्रीती, ॲसिड मी टाकलं."

"माहीत आहे बाबा."

"मंग मले विचारलं काहून नाही?"

ती पुस्तकाच्या कोपऱ्याची घडी घालत राहिली. "विचारलं असतं, अन् तुम्ही हो म्हटलं असतं तर? मुद्दाम केलं म्हटलं असतं तर? मंग मी तुमच्याशी बोलली कशी असती? त्यापेक्षा नाही विचारलेलं बरं."

"मुद्दाम नाही वं. साफ करायले टाकलं. कूलरसारखं."

"बरं," ती म्हणाली.

बरं म्हणजे काय? विश्वास बसला की विषय संपवला?

१८ एप्रिल, शुक्रवार

सकाळी एकटाच ओमप्रकाशच्या गॅरेजवर गेलो. तो एका स्कूटरचं चाक काढत होता. मान वर केली नाही. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, ॲसिडसकट. बाजूला गिऱ्हाइकं होती, तीही ऐकत होती.

चाक बाजूला ठेवून तो म्हणाला, "मेश्रामसाब, आपने मुझे चोर बोला, चलता है. रोज कोई ना कोई बोलता है. लेकिन बच्ची के मुँह से बुलवाया."

फरशीवर काळं तेल होतं आणि माझी चप्पल त्यात होती. ती तशीच राहू दिली.

नवा रेडिएटर कंपनीकडून यायला आठवडा लागतो. पण अशीच गाडी महालातल्या विहंग नावाच्या मुलाकडे आहे, त्याचा पाय प्लास्टरमध्ये असल्याने ती उभीच आहे, असं ओमप्रकाशने सांगितलं. पत्ता दिला आणि पुन्हा चाकाला लागला.

महालातल्या गल्ल्यांत माझी स्कूटर तीन ठिकाणी अडकली. दार विहंगच्या आईने उघडलं. उत्तराबाई. स्वच्छ, टापटीप बाई. मी काम सांगितलं तर म्हणाल्या, "एकटा रेडिएटर कशाला, अख्खी गाडीच घेऊन जा हो. बँकेत चांगला चिकटलाय आमचा मुलगा, आणि रविवार आला की चिखलात लोळतो. मला तर त्या गाडीकडे बघितलं तरी मळमळतं." माझीच वाक्यं. इतके दिवस कोणी असं बोलणारं भेटावं असं वाटत होतं. आज भेटलं आणि ऐकवेना. त्या बोलत असताना विहंग पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडला होता, ते मी पाहिलं.

मी त्याला सांगितलं की रेडिएटर माझ्यामुळे गेला. कूलरचं ॲसिड म्हटल्यावर तो इतका हसला की प्लास्टरचा पाय धरून कण्हायला लागला. माझा चेहरा लाल झाला असणार. मग म्हणाला, "प्रीतीसाठी ना? खुशाल न्या काका. रविवारी तिला रेडिएटरवाचून घरी बसवलं तर आम्हाला पाप लागेल. वाळूतलं वळण तिच्यासारखं इकडे कोणी घेत नाही. तुम्ही तर पाहिलंच असेल."

मी पाहिलेलं नव्हतं. हो म्हणालो.

दुपारी ओमप्रकाश स्वतः विहंगकडे येऊन त्याच्या गाडीचा रेडिएटर सोडवून देऊन गेला. मी काढलेले पैसे घेतले नाहीत.

१९ एप्रिल, शनिवार

प्रीती सकाळीच ओमप्रकाशकडे जाऊन आली. हातात नव्या क्लिपा होत्या. "बोलणं झालं का?" विचारलं तर "झालं" म्हणाली.

मग पोर्चमध्ये बसली. मी दारात उभा. ती वर न पाहता म्हणाली, "हे धरा." मी रेडिएटर धरला. तिने पाइप चढवले, क्लिपा आवळल्या. पाण्याचा थेंब माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत गेला, तरी पुसता येईना. दोन्ही हात अडकलेले. नंतर बाटली फोडली आणि माझ्यासमोर धरली.

"ओता."

"मी?"

"मी पाइप दाबतो, हवा काढाले दोन माणसं लागतात." अकरा तारखेला तिने एकटीनेच काढली होती.

मी ओतायला लागलो. थोडं तोंडाबाहेर सांडलं, बोटांवर आलं. तोच तो गोडसर, घाणेरडा वास. ती पाइप दाबत होती, बुडबुडे वर येत होते, पातळी खाली जात होती, मी पुन्हा ओतत होतो. ती माझ्या हाताकडे पाहत नव्हती. मी मात्र तिच्या चेहऱ्याकडे पाहत होतो, आणि काही कळत नव्हतं.

गाडी सुरू केली, चांगली तापू दिली. मी फरशीवर पालथा पडून खालून पाहिलं. बनियन काळं झालं. थेंब नाही. प्रीतीच्या आईने दारातून पाहिलं आणि आत जाऊन भांडी आपटली.

२१ एप्रिल, सोमवार

काल लिहायला वेळच मिळाला नाही.

ट्रॅक म्हणजे नरक आहे. उन्हात सावलीचा पत्ता नाही, नाकातोंडात माती, पेट्रोलचा धूर, आणि सामोसे विकणाऱ्याच्या परातीवर पण माती. लोक तेच सामोसे खात होते. मी रुमाल नाकाला लावून दोरीजवळ उभा राहिलो. प्रीती कशी चालवते ते पाहायचं ठरवून गेलो होतो, पण पहिल्या दोन फेऱ्यांत मी फक्त गाडीचं पोट पाहिलं. कुठे हिरवं दिसतं का. तिसऱ्या फेरीत ती वाळूतल्या वळणावर आली. गाडी जवळजवळ आडवी, मागचं चाक सरकतंय, आणि ती पायदानांवर उभी, मान सरळ. विहंग म्हणाला ते हेच असावं. अंगावर वाळू उडाली, डोळ्यांत गेली, म्हणून पुढचं नीट दिसलं नाही.

पाचव्या फेरीत पडली. मी दोरी ओलांडून धावलो. शिट्टीवाल्या माणसाने मला कॉलर धरून मागे ओढलं आणि सगळ्यांसमोर शिवी हासडली. प्रीती तोवर उठून, गाडी उचलून, निघूनही गेली होती.

संध्याकाळी नावं वाचली. दोनच होती. दुसरं तिचं.

येत्या शनिवारी जायचं आहे. प्रीतीची आई कालपासून माझ्याशी बोलत नाही. तिच्या लेखी मीच प्रीतीला पाठवलं. कुरडया सुकून डब्यात गेल्या, पोरीबरोबर द्यायच्या म्हणे. मलाही राग येतो, कोणाचा ते कळत नाही. ही मुलगी आता रोजच चिखलात असणार, त्याचेच पैसे घेणार, आणि आम्ही इथे स्वच्छ घरात बसणार.

आज सकाळी प्रीती पोर्चमध्ये गाडी धूत होती. मातीचा लगदा माझ्या नुकत्या घासलेल्या फरशीवर पसरला होता. मी म्हणालो, "चला, निदान ही ब्याद तरी जाईन आता इथून."

"नाही जात," ती म्हणाली. "तिकडं त्यांच्या गाड्या आहेत. माझी इथंच राहीन."

"मंग विकून टाक."

"विकत नाही. नवा रेडिएटर मागवला मी, पुढच्या आठवड्यात येईन. विहंगचा काढून त्याले परत द्यायचा, नवा लावायचा, पाइप चढवायचे, कूलंट भरायचं, हवा काढायची."

"कोण करन हे सगळं?"

"तुम्ही."

मी स्पष्ट सांगितलं की मी त्या घाणीला हात लावणार नाही.

"लावा न बाबा," ती म्हणाली. "फक्त मले विचारून लावा."